काच स्वस्त, खोदाई महाग : घरापर्यंत फायबर आणण्याचा हिशेब

"फायबरची लाइन मोठ्या रस्त्यापर्यंत आली, पण आमच्या गल्लीत येत नाही. विचारले तर कंपनीचा माणूस म्हणतो, परवडत नाही." ही तक्रार आम्ही अनेक व्यापारी बंधूंच्या तोंडून ऐकतो. कोणी म्हणतो, आमच्या वस्तीशी दुजाभाव होतो. कोणी म्हणतो, कंपन्या नफेखोर आहेत. दोन्ही गोष्टींत कधी तथ्य असेलही. पण "परवडत नाही" हे उत्तर आपणही दुकानात बसून रोज कोणाला तरी देतो. ते उत्तर हिशेबातून येते, हे आपणास ठाऊक आहे. मग समोरच्याचा हिशेब एकदा समजून घेण्यास काय हरकत आहे? हिशेब कळला की कोठे बोलायचे, काय मागायचे आणि आपण स्वतः काय करायचे, हे आपोआप कळते.

आज जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, गिऱ्हाइकाला पाठवायचे नमुन्यांचे फोटो, यूपीआयने येणारे पैसे, मुलांचा अभ्यास हे सारे इंटरनेटवर चालते. मोबाइलवर काम भागते, हे खरे. परंतु दाट वस्तीत एका टॉवरवर शेकडो मोबाइल लटकलेले असतात आणि संध्याकाळी वेग बसतो. २०२० च्या टाळेबंदीत घरात एक मोबाइल आणि शिकणारी मुले तीन, ही अवस्था आपण पाहिली आहे. म्हणून घरापर्यंत फायबर येणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही.

फायबर म्हणजे काय?

फायबर म्हणजे अतिशय शुद्ध काचेचा बारीक धागा. त्याची जाडी सुमारे १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश त्याच्याही आत नऊ मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या गाभ्यातून धावतो. १९६६ साली चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश लांबवर जाऊ शकेल. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवली. काव यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या धाग्यात प्रकाश पंधरा किलोमीटर धावला तरी निम्मा शिल्लक राहतो. तांब्याच्या तारेला हे जमत नाही.

घरोघरी फायबर देण्याची रीत अशी. कंपनीच्या केंद्रात एक यंत्र असते. तेथून निघालेला एक धागा वस्तीजवळच्या डबीत येतो. या डबीला स्प्लिटर म्हणतात. ती एका धाग्यातील प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटते. तिला वीज लागत नाही. घरात एक छोटे यंत्र बसते. ते प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संदेशात रूपांतर करते आणि वायफाय देते. केंद्रापासून घरापर्यंत साधारण वीस किलोमीटरचे अंतर चालते.

पैसा कोठे जातो?

आमच्या बहुतेक बंधूंचा समज असा, की काच, यंत्रे आणि तंत्रज्ञान महाग असणार. खरी गोष्ट उलट आहे. जमिनीखालून लाइन टाकायची असेल तर सर्वांत मोठा खर्च खोदाईचा असतो. रस्ता फोडण्याची परवानगी, नगरपालिकेची फी, मजुरी, पाइप टाकणे, चर बुजवणे, रस्ता पूर्ववत करण्याचा आकार, आणि खोदताना पाण्याची नळी किंवा विजेची केबल तुटली तर त्याची भरपाई. या सगळ्यापुढे काचेची किंमत किरकोळ ठरते. म्हणूनच एकदा चर खणला की शहाणी कंपनी त्यात लागतील त्याहून कितीतरी जादा धागे टाकून ठेवते. धागा वाढवला तर खर्च थोडा वाढतो, चर पुन्हा खणला तर सगळा खर्च पुन्हा येतो.

यातून दुसरी गोष्ट निघते. चर शंभर घरांसाठी खणा की दहा घरांसाठी, शंभर मीटरचा खर्च तोच. दुकानाचे भाडे गिऱ्हाइके मोजून ठरत नाही, ते महिन्याला द्यावेच लागते. गिऱ्हाइके वाढली की प्रत्येक नगावर पडणारा भाड्याचा भार तेवढा कमी होतो. फायबरचे अगदी असेच आहे.

दारावरून आणि दारात

या धंद्यात दोन खर्च वेगळे मांडतात. पहिला, घराच्या दारावरून लाइन नेण्याचा. घरमालकाने जोडणी घेतली नाही तरी तो खर्च झालेला असतो. दुसरा, दारातून आत लाइन नेऊन यंत्र बसवण्याचा. तो जोडणी घेणाऱ्याच्याच घरी होतो.

अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीचे उदाहरण पाहू. तिने २००४ साली टेक्सास राज्यातील केलर या गावापासून घरोघरी फायबर देण्यास सुरुवात केली. २०१० पर्यंत सुमारे २३ अब्ज डॉलर खर्चून सुमारे १ कोटी ८० लाख घरांच्या दारावरून लाइन नेण्याची तिची योजना होती. २००६ च्या अखेरीस दारावरून नेण्याचा खर्च घरटी सुमारे ८५० डॉलर आणि दारात जोडण्याचा सुमारे ८८० डॉलर असावा, असे तिने धरले होते.

आता या आकड्यांवर आपण हिशेब करू. शंभर घरांवरून लाइन गेली, म्हणजे ८५,००० डॉलर गेले. शंभरातील तीसच घरांनी जोडणी घेतली, तर प्रत्येक गिऱ्हाइकावर २,८३३ डॉलर पडले. त्यात ८८० मिळवा, झाले ३,७१३. साठ घरांनी घेतली, तर १,४१७ अधिक ८८०, म्हणजे २,२९७. लाइन तीच, चर तोच, काच तीच. फक्त शेजाऱ्यांनी हो म्हटले, आणि एका गिऱ्हाइकामागे १,४०० डॉलरहून अधिक वाचले.

आपल्या गल्लीचा हिशेब

डॉलर सोडा, आपल्या गल्लीत या. पुढचे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी मानले आहेत. आपल्या गावी ते वेगळे असतील. समजा, ८० घरांच्या एका गल्लीत लाइन आणण्याचा एकूण खर्च १ लाख रुपये, आणि प्रत्येक घरात जोडण्याचा २,५०० रुपये. महिन्याचे बिल ५०० रुपये. त्यातून पुढील कंपनीचे देणे, पगार, वीज आणि दुरुस्ती वजा जाता चालकाच्या हातात २०० रुपये उरतात, असे धरू.

दहा घरांनी जोडणी घेतली, तर घरटी खर्च १२,५०० रुपये. तो वसूल होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल.

वीस घरांनी घेतली, तर ७,५०० रुपये. वसुली तीन वर्षांच्या थोडी पुढे.

चाळीस घरांनी घेतली, तर ५,००० रुपये. वसुली २५ महिन्यांत.

पाच वर्षांत यंत्र जुने होते, भाडेकरू बदलतो, दुसरी कंपनी स्वस्त दर घेऊन येते. म्हणून पहिल्या हिशेबाला चालक "परवडत नाही" म्हणतो, आणि तिसऱ्याला स्वतः दार ठोठावतो. गल्ली तीच आहे.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. आपल्या जुन्या मोहल्ल्यांची गर्दी, भिंतीला भिंत लागलेली घरे, अरुंद गल्ल्या, यांबद्दल आपण नेहमी गाऱ्हाणे करतो. या एका धंद्यात ती गर्दीच आपले भांडवल आहे. बंगल्यांच्या वस्तीत शंभर मीटर केबलवर दहा घरे मिळतील, आपल्या गल्लीत तेवढ्याच केबलवर पन्नास. म्हणजे घरटी खर्च कमी पडला पाहिजे. तो पडत नसेल, तर बहुधा मागणारी घरे मोजून कोणी दाखवलेली नाहीत.

कॅन्सस सिटीचा धडा

२०१२ साली गूगल कंपनीने अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात फायबर आणले. त्यांनी शहराचे लहान लहान मोहल्ले पाडले आणि सांगितले, की ज्या मोहल्ल्यात ठरलेल्या संख्येइतकी घरे आधी नाव नोंदवतील, तेथेच आम्ही खोदू. वस्तीच्या दाटीप्रमाणे ही संख्या पाच ते पंचवीस टक्के होती. नोंदणीसाठी १० डॉलर ठेवले होते. गरिबांसाठी एक सोय होती. खोदाई व जोडणीचे ३०० डॉलर एकदाच किंवा महिना २५ प्रमाणे भरले, की साधे, कमी वेगाचे इंटरनेट किमान सात वर्षे फुकट.

झाले काय? सुखवस्तू वस्त्यांनी झटपट नोंदणी केली. ट्रूस्ट ॲव्हेन्यू नावाचा रस्ता त्या शहरात गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली जुनी सीमा मानला जातो. त्याच्या पूर्वेकडील मोहल्ले मागे पडले. तेथील अनेकांकडे बँकेचे कार्ड नव्हते, ईमेल नव्हता, आणि नोंदणी तर इंटरनेटवरच करावयाची होती! इंटरनेट मिळण्यासाठी आधी इंटरनेट हवे, असा प्रकार. मुदत सप्टेंबरपर्यंत होती. तेव्हा शिक्षक, ग्रंथपाल, चर्चचे लोक आणि स्वयंसेवक दारोदार फिरले, लोकांची नावे नोंदवून घेतली. शेजाऱ्यांचे १० डॉलर भरण्यासाठी वर्गणीही निघाली. शेवटी २०२ पैकी १८० मोहल्ले पात्र ठरले.

कंपनीने कोणाला नाकारले नव्हते. तिने फक्त मागणी मोजली. पण ज्यांना मोजणीची रीत ठाऊक नव्हती, ते जवळजवळ बाहेर राहिले होते. आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे.

स्वस्त खोदाई महागात

खोदाई महाग म्हटल्यावर ती स्वस्त करण्याचा मोह होतो. त्याचाही एक धडा आहे. याच गूगलने लुईव्हिल या शहरात रस्त्याच्या डांबरात केवळ दोन इंच खोल बारीक चिरा पाडून त्यांत केबल टाकली. खर्च वाचला, काम झपाट्याने झाले. पण थोड्याच काळात चिरांतील भरणा निघून केबल रस्त्यावर उघडी पडू लागली. कंपनीने २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या शहरातील सेवाच बंद केली, आणि रस्ते दुरुस्तीसाठी शहराला ३८ लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली.

आपल्याकडे केबल बहुधा खांबावरून आणि गच्चीवरून ओढतात. खोदाई वाचते, म्हणून दरही खाली येतो. पण पतंगाचा मांजा, उंच भरलेला ट्रक, झाडाची फांदी, पावसाळी वारा आणि कधी नगरपालिकेची कारवाई, यांनी ती तुटते. लाइन स्वस्त मिळाली आणि महिन्यातून चार दिवस बंद राहिली, तर दुकानदाराला ती महागच पडली. दर विचारताना दुरुस्तीचेही विचारावे.

शेतकऱ्यांनी स्वतः खणलेले चर

इंग्लंडच्या लँकशायर भागात विरळ वस्तीची खेडी आहेत. मोठ्या कंपन्यांना तेथे फायबर नेणे परवडेना. २०११ साली गावकऱ्यांनी "ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ" नावाची स्वतःची संस्था काढली. लोकांनी तिचे भाग घेतले. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून केबल नेण्याची परवानगी फुकट दिली, आणि गावकऱ्यांनी स्वतः चर खणले. डांबरी रस्ता फोडण्याऐवजी शेतातली मऊ माती खणायची, परवानगीचे पैसे नाहीत, मजुरी बरीचशी घरची. खर्चाचा सर्वांत जड भाग तेथेच हलका झाला. सुरुवातीला जोडणी १५० पौंड आणि महिना ३० पौंड, एवढ्यात त्यांनी सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सेवा दिली.

त्या संस्थेच्या भागांवर व्याज देण्याची तिकडची रीत आहे. ती आपण घेण्याचे कारण नाही. घेण्यासारखी आहे ती गोष्ट एवढीच, की जागा, परवानगी आणि मेहनत यांत लोकांनी वाटा उचलला तर खर्चाचा डोंगर खाली येतो. आपल्या मोहल्ल्यातही गच्चीवरून केबल नेण्यास, भिंतीवर डबी लावण्यास एका घराने नकार दिला की चालकाला वळसा पडतो. तो वळसा सर्वांच्या बिलात येतो.

आपल्या देशात

केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तेव्हा खर्चाचा अंदाज २०,००० कोटी रुपयांचा होता. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पण पंचायतीच्या कचेरीत लाइन आली म्हणजे घरात आली, असे होत नाही, हे अनुभवाने कळले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. या दोन आकड्यांतील अंतरच सांगते, की शेवटच्या टप्प्याचा हिशेब किती अवघड आहे.

शहरांत चित्र निराळे आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिओने घरगुती फायबर सेवा ६९९ रुपयांपासून सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी ३९९ रुपयांची योजना आणली. त्या स्पर्धेने दर सर्वत्र खाली आले. जाहिरातीतील आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे मात्र लक्षात ठेवावे. रस्ता वापरण्याच्या परवानग्यांसाठी केंद्राने आणलेले नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. आणि कोणाची खोदाई कोणाच्या केबलवर पडू नये, म्हणून २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू झाले. आपल्या बांधकामासाठी खणताना आपणही ते वापरावे. आपल्या कुदळीने तुटलेली लाइन शेजाऱ्याच्या रोजीची असते.

काय करावे?

१) आधी यादी करावी. मोहल्ला कमिटी, जमात किंवा बाजाराच्या संघटनेने घरोघरी विचारून, जोडणी घेण्यास खरोखर तयार असलेल्या घरांची व दुकानांची नावे लिहावीत. केवळ "पाहू" म्हणणाऱ्यांना धरू नये. चाळीस सह्यांची यादी घेऊन दोन-तीन कंपन्यांकडे आणि स्थानिक केबलवाल्याकडे जावे. एकट्याने मागितलेला दर आणि चाळीस जणांनी मागितलेला दर एक नसतो.

२) गच्चीची व भिंतीची संमती आधीच लिहून घ्यावी. वादाची घरे आपसात मिटवून मगच चालकाला बोलवावे.

३) दर विचारताना पूर्ण विचारावा. जोडणीचे किती? यंत्राची अनामत किती, आणि ती परत मिळते का? सहा महिन्यांचे पैसे आगाऊ का? लाइन तुटली तर किती तासांत जोडणार, आणि बंद दिवसांचे पैसे वजा होणार का? हे कागदावर घ्यावे. तोंडी बोलण्यावर धंदा करू नये.

४) जीएसटी नोंदणी असलेल्यांनी धंद्याच्या कामासाठीची जोडणी फर्मच्या नावाने व जीएसटी क्रमांकावर घ्यावी. बिलातील कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ते मिळत नाही.

५) वीज गेली की घरातील यंत्र बंद पडते. भारनियमन असलेल्या गावी त्यासाठी छोटा बॅटरी संच ठेवावा.

६) वेग गरजेपुरताच घ्यावा. बिले, नमुन्यांचे फोटो आणि मुलांचे वर्ग यांसाठी सर्वांत महाग योजना लागत नाही.

यात रोजीही आहे

खर्चाचा हा तपशील उलट्या बाजूने वाचला, तर त्यात कारागिरांची मजुरी दिसेल. चर, खांब, केबल ओढणे, डबी बसवणे आणि काचेचे धागे जोडणे. शेवटचे काम स्प्लायसिंगचे. दोन धागे अचूक कापून, स्वच्छ करून, विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायचे. नजर स्थिर आणि हात हलका लागतो. ज्या हातांनी यंत्रमागावर तुटलेला धागा पकडला, जरीचा टाका घातला किंवा घड्याळाचे चक्र बसवले, त्यांना हे काम परके नाही. यंत्र महाग असते, म्हणून दोघा-तिघांनी नफ्यातोट्याच्या भागीदारीत ते घेता येईल. पण त्याआधी चांगल्या कारागिराच्या हाताखाली काही महिने काढावेत. खराब जोड दिसत नाही, पण प्रकाश खातो. मोहल्ल्यातील लाइन तुटली आणि जोडणारा मोहल्ल्यातच असला, तर दुरुस्ती तासात होते.

सारांश एवढाच. घरापर्यंत फायबर आणण्याचा खर्च काचेत नाही, वाटेत आहे. आणि वाटेचा खर्च जितके जण वाटून घेतील तितका हलका होतो. आपल्या गल्लीला लाइन परवडते की नाही, याचा अर्धा निकाल कंपनीच्या कचेरीत लागत असेल, पण उरलेला अर्धा आपल्या गल्लीतच लागतो. कागद-पेन घेऊन पहिले दार शेजाऱ्याचे ठोठवावे.